तीस अश्वशक्ती घ्यावी, की तापल्यावरही टिकणारे ब्रेक?

पत्र: बरीच वर्षे पैसे बाजूला टाकून मी आयुष्यातली पहिली स्पोर्ट्स कार बुक करतो आहे. दोन दारांची, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी, टर्बो इंजिनाची, साधारण ४०० अश्वशक्तीची. ऑर्डर पक्की करायला दोन आठवडे उरले आहेत आणि मी ऑप्शनच्या यादीपाशी अडकलो आहे. कंपनीचे पॉवर किट आहे, त्याने ३० अश्वशक्ती वाढते. वेगळे परफॉर्मन्स पॅकेज आहे, त्यात मोठे ब्रेक, लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा, एकच चाक मोकळे फिरू न देणारा भाग), जादा कूलर आणि अडॅप्टिव्ह डॅम्पर (मऊ-कडक करता येणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) येतात. शिवाय सिरॅमिक ब्रेक, एक इंच मोठी चाके आणि स्पोर्ट एक्झॉस्ट. सगळे घेतले तर गाडीच्या किमतीत जवळजवळ पाव हिश्श्याची भर पडते. शोरूममधला माणूस म्हणतो, पॉवर किट नसेल तर ही गाडी अर्धवटच. मित्र म्हणतो, कंपनीचे काहीच घेऊ नकोस, नंतर बाहेरून रीमॅप कर, म्हणजे इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून घे, किटच्या दुप्पट वाढ मिळेल आणि खर्चही किरकोळ. गाडी रोज कामावर नेणार आहे, वर्षाला चार-पाच ट्रॅक डे, म्हणजे रेस ट्रॅकवर आपली गाडी चालवायचे दिवस, करायची इच्छा आहे. कंपनीच्या या अपग्रेडमध्ये खरेच दम असतो का? – नाव छापू नये ही विनंती

उत्तर: तुमच्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून निकाल आधी सांगते आणि कारणे मागून. परफॉर्मन्स पॅकेज डोळे मिटून घ्या. पॉवर किट सोडा. सिरॅमिक ब्रेक आणि मोठी चाके सोडा. एक्झॉस्टचे तुमच्या कानांना विचारा, त्यात माझे मत उपयोगाचे नाही.

सुरुवात ३० अश्वशक्तीपासून करू, कारण शोरूममध्ये सगळ्यात मोठ्या आवाजात तीच विकली जाते. ४०० वरून ४३० म्हणजे साडेसात टक्के वाढ. कागदावर हा आकडा भरघोस दिसतो. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने वाढते. म्हणून साडेसात टक्के जास्त ताकदीतून कमाल वेगात जेमतेम अडीच टक्के पडतात. ताशी ३०० किलोमीटरला पोचणारी गाडी ३०७ ला पोचेल. तुमच्या गाडीला कंपनीने २५० वर इलेक्ट्रॉनिक लगाम घातला असेल, तर तेवढाही फरक पडणार नाही. शून्य ते शंभरमध्ये तर पहिला टप्पा टायरच्या पकडीवर अवलंबून असतो. मागची चाके आधीच घसरायच्या बेतात असताना जास्तीची ताकद फक्त ट्रॅक्शन कंट्रोलला कामाला लावते. फरक जाणवतो तो १०० ते २०० च्या टप्प्यात. मूळ गाडीला तिथे ८ सेकंद लागत असतील तर किटवाली साडेसात सेकंदांत जाईल. हा अर्धा सेकंद खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण रोजच्या रस्त्यावर तो तुम्ही कधीच वापरणार नाही, आणि ट्रॅकवर तो फक्त सरळ पट्ट्यात मिळेल.

याचा अर्थ पॉवर किट म्हणजे नुसता स्टिकर असतो असे मुळीच नाही. पोर्शेने ९११ साठी वर्षानुवर्षे एक्स५१ नावाचे पॉवर किट दिले. ९९७ पिढीच्या कॅरेरा एस मध्ये त्याने ३५५ ची ३८१ अश्वशक्ती झाली, ९९१ मध्ये ४०० ची ४३०. नैसर्गिक श्वास घेणाऱ्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनातून एवढे काढणे हे संगणकात दोन आकडे बदलण्याचे काम नव्हे. त्यासाठी सिलिंडर हेड, इनटेक मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट अशा भागांना हात घालावा लागतो. यामागच्या इंजिनिअरिंगबद्दल मला मनापासून आदर आहे. पण २०१४ मध्ये त्याच ९११ ची जीटीएस आवृत्ती आली आणि तिच्यात ती ४३० अश्वशक्ती मुळातच होती, वर इतरही बरेच काही. म्हणून ज्यांना ताकद हवीच आहे त्यांना मी एक गोष्ट नेहमी करायला सांगते. तुमच्या मॉडेलची किंमत अधिक किटची किंमत एका ओळीत लिहा, आणि खालच्या ओळीत त्याच गाडीच्या वरच्या आवृत्तीची किंमत. पुष्कळदा दोन्ही आकडे इतके जवळ येतात की किट घेणे निरर्थक ठरते. वरची आवृत्ती विकतानाही नावानेच ओळखली जाते, किट मात्र समजावून सांगावे लागते.

तुमच्या पत्रात पॉवर किटमध्ये नेमके काय बदलतात हे लिहिलेले नाही. हे शोरूममध्ये जरूर विचारा. टर्बो गाडीत दोन प्रकार असतात. एकात टर्बोच वेगळे बसवतात. ९९१ ची दुसरी आवृत्ती टर्बो झाली तेव्हा तिचे किट असे होते, ४२० वरून ४५०. दुसऱ्यात फक्त सॉफ्टवेअर बदलते. ते सॉफ्टवेअर असेल तर घाई करायचे काहीच कारण नाही, कारण ते नंतरही घालता येते. टेस्लाने २०१९ च्या डिसेंबरात मॉडेल ३ लाँग रेंजच्या मालकांना गाडी घरी उभी असताना इंटरनेटवरून अशी वाढ विकली, ० ते ६० मैलांचा वेळ ४.४ वरून ३.९ सेकंदांवर आला. मर्सिडीजने २०२२ मध्ये विजेच्या ईक्यू गाड्यांसाठी हीच गोष्ट वार्षिक वर्गणीवर देऊ केली. वर्गणीची कल्पना मला आवडत नाही. मोटर तुमची, बॅटरी तुमची, आणि त्यांची पूर्ण ताकद वापरायला दरवर्षी पैसे भरायचे हे मला पटत नाही. पण मुद्दा हा की जे केबल लावून किंवा नेटवरून गाडीत घालता येते, त्याचा निर्णय गाडी वर्षभर चालवून झाल्यावर घ्यावा.

आता जे नंतर घालता येत नाही त्याकडे वळते.

तुम्ही ट्रॅकवर जाणार आहात हे तुमच्या पत्रातले मला सगळ्यात महत्त्वाचे वाक्य वाटले. ट्रॅकवर गाडीची ताकद कमी पडल्याने कुणाचा दिवस वाया जात नाही. तो जातो उष्णतेमुळे. दीड टनाची गाडी २०० च्या वेगातून पूर्ण थांबवली तर ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार होते तेवढीत खोलीच्या तापमानाचे जवळजवळ ७ लिटर पाणी उकळीला येईल. १०० वरून थांबवली तर याच्या फक्त पाव. ट्रॅकवर तुम्ही पूर्ण थांबत नाही, पण दर फेरीत अनेकदा जोरात वेग कमी करता आणि मधल्या वेळात डिस्कला थंड व्हायला पुरेशी सवड मिळत नाही. मग आधी पॅड पकड सोडतात आणि पाठोपाठ ब्रेक फ्लुइड उकळते. डॉट ४ फ्लुइड नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस सोसते, पण ते हवेतला ओलावा शोषत राहते, आणि ओलावलेल्या अवस्थेत त्याची किमान हमी १५५ अंशांवर येते. उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल जमिनीपर्यंत खाली जाते. गाडी थांबत नाही. ट्रॅकच्या पिट लेनमध्ये पहिल्यांदा हा अनुभव घेऊन आलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत, आणि म्हणूनच या विषयावर मी इतक्या आग्रहाने लिहिते आहे.

मोठी, जाड डिस्क उष्णता सामावून घ्यायला जास्त लोखंड देते. मोठे कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे, मोठे पॅड धरतात. कंपनीच्या परफॉर्मन्स पॅकेजमधला तुमच्या सगळ्यात उपयोगाचा भाग हाच, आणि त्याच्या बरोबरीने ते जादा कूलर, ज्यांच्याकडे शोरूममध्ये कुणी ढुंकूनही पाहत नाही. इंजिन ऑइल, गिअरबॉक्स, डिफरेन्शियल यांचे तापमान मर्यादेबाहेर गेले की आजची गाडी स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कापते. तुम्ही पैसे देऊन घेतलेली ३० अश्वशक्ती अशा वेळी सगळ्यात आधी जाते, तिच्यामागून मूळ ४०० मधलीही थोडी. ज्या गाडीला कूलर आहेत ती विसाव्या मिनिटालाही पहिल्या मिनिटासारखी पळते. सेशनच्या शेवटी कोण पुढे असते ते यावर ठरते.

शेवरोलेची कॅमरो याचे चांगले उदाहरण आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही गाडी शोरूममधल्या अवस्थेत शर्यतींत उतरायची. ताकद भरपूर होती, पण लांब शर्यतीत ब्रेक टिकेनात, आणि टाकीतले पेट्रोल खाली आले की वळणात इंजिनाला ते मिळेना. कंपनीने १एलई नावाचा ऑप्शन काढला, त्यात मोठे ब्रेक आणि आत आडपडदे असलेली पेट्रोलची टाकी. पुढे हे नाव परत आले, आणि २०१७ च्या कॅमरो एसएस १एलई मध्ये इंजिन साध्या एसएसचेच होते, ४५५ अश्वशक्तीचे. एका अश्वशक्तीचीही वाढ नाही. पैसे गेले ते चुंबकीय डॅम्पर, इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल, पुढच्या सहा पिस्टनच्या ब्रेम्बो कंपनीच्या ब्रेकवर, थंडाव्यावर आणि चिकट टायरवर. ट्रॅकवर ही गाडी तिच्याहून कितीतरी महागड्या गाड्यांच्या मागे लागायची. फोर्डने मस्टँग जीटीच्या परफॉर्मन्स पॅकेजमध्ये हाच मार्ग धरला: मोठे ब्रेक, मोठा रेडिएटर, टॉर्सन हे लिमिटेड स्लिप प्रकारचे डिफरेन्शियल, कडक सस्पेन्शन.

आणखी एक उदाहरण, कारण ते तुमच्या मित्राच्या सल्ल्याला थेट भिडते. शेवरोलेच्याच कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या सातव्या पिढीत साध्या गाडीला नेहमीसारखे ऑइल संप होते, म्हणजे ऑइल इंजिनाच्या तळाशी साठते. झेड५१ पॅकेज घेतले तर ड्राय संप मिळत असे, त्यात ऑइल वेगळ्या टाकीत राहते आणि पंप ते सतत खेचून आणतो. लांब, वेगवान वळणात साध्या संपमधले ऑइल एका बाजूला चढते आणि पंपाचे तोंड उघडे पडू शकते. ड्राय संपमध्ये ही भीती जवळजवळ संपते. ही व्यवस्था नंतर बाहेर बसवायची म्हणजे इंजिन उतरवण्यापर्यंत मजल जाते. फॅक्टरीत मात्र तो ऑर्डरच्या कागदावरचा एक चौकोन होता. आठव्या पिढीत कंपनीने ड्राय संप सगळ्याच गाड्यांना दिला. त्या पिढीत झेड५१ ने ताकद वाढते ती ४९० वरून ४९५, एक्झॉस्टमुळे. झेड५१ घेणारे लोक त्या पाचासाठी पैसे मोजत नाहीत. ते मोजतात मोठे ब्रेक, जादा कूलिंग, इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल आणि सस्पेन्शनसाठी.

तर मित्राचा सल्ला. आकड्यांपुरता तो बरोबर आहे. टर्बो गाडीत सॉफ्टवेअरने बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवला की कंपनीच्या किटच्या दुप्पट वाढ मिळणे अगदी शक्य आहे, खर्चही कमी. पण ती वाढ इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सच्या राखीव ताकदीतून काढलेली असते. कंपनी तो राखीव साठा गरम दिवस, हलके पेट्रोल आणि जुन्या झालेल्या भागांसाठी ठेवते. शिवाय कंपन्यांना कळते. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत बदललेले सॉफ्टवेअर सापडले की नोंदीत टीडी१ ही खूण पडते, आणि मग इंजिनाशी संबंधित वॉरंटीचा दावा करणे फार कठीण होते. मूळ सॉफ्टवेअर परत घातले तरी ती नोंद सहसा पुसली जात नाही. विमा कंपनीला कळवले नाही तर अपघातानंतर दावा नाकारण्याचे आयते कारण तिच्या हाती पडते. वॉरंटी संपलेल्या, दोन-तीन वर्षे ओळखीच्या झालेल्या गाडीवर कुणी विचारपूर्वक रीमॅप केला तर मी त्याला अडवणार नाही. नव्या गाडीवर, जी तुम्ही आयुष्यभराच्या बचतीतून घेता आहात, करू नका.

मित्राचा सल्ला ब्रेक आणि डिफरेन्शियललाही लागू होतो असे तुम्हाला वाटू शकते. दोन्ही बाहेर मिळतात, उत्तम मिळतात. पण आजच्या गाडीत एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल हे नेमक्या त्या ब्रेकसाठी, त्या टायरसाठी, त्या डिफरेन्शियलसाठी जुळवलेले असतात. बीएमडब्ल्यूने मागच्या एफ८० पिढीच्या एम३ ला कॉम्पिटिशन पॅकेज दिले तेव्हा जाहिरातीत ४३१ चे ४५० झालेले दिसले. खरे काम होते नव्या स्प्रिंग, नव्या डॅम्पर आणि अँटी-रोल बारमध्ये, आणि त्यांना साजेशा डिफरेन्शियल व स्टॅबिलिटी कंट्रोलच्या नव्या जुळणीत. असंख्य चाचण्यांनंतर बसवलेली ही जुळणी बाहेरच्या गॅरेजला विकत आणता येत नाही. फॅक्टरी पॅकेजचे पैसे मुख्यतः याच गोष्टीचे असतात, आणि माझ्या मते ते वाजवी असतात.

डिफरेन्शियलबद्दल थोडे. साधे डिफरेन्शियल वळणातून बाहेर पडताना आतल्या, हलक्या झालेल्या चाकाला मोकळे सोडते. ते फिरते, ताकद धूर होऊन जाते, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स ब्रेक लावून त्याला धरते आणि तुमचे आधीच तापलेले मागचे ब्रेक आणखी तापवते. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल दोन्ही चाकांना बांधून ठेवते, त्यामुळे तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर लवकर दाबू शकता. मूळ ४०० अश्वशक्तीतली जास्त शक्ती जमिनीवर उतरते. मला विचाराल तर यादीतली खरी ‘ताकदवाढ’ हीच आहे. अडॅप्टिव्ह डॅम्परचे म्हणाल, तर रोज कामावर जाणाऱ्या माणसासाठी ते ट्रॅकपेक्षा सोमवारी सकाळी जास्त उपयोगी पडतात. मऊ ठेवा, पाठ सुखी राहील.

सिरॅमिक ब्रेक सुंदर असतात. पोर्शेने ते २००१ मध्ये ९११ जीटी२ वर आणले, आणि तशाच मापाच्या लोखंडी डिस्कपेक्षा त्या डिस्क जवळपास अर्ध्या वजनाच्या असतात. गंजत नाहीत, चाकांवर काळी धूळ बसवत नाहीत, रस्त्यावर वर्षानुवर्षे टिकतात. पण ट्रॅकवर त्यांचीही झीज होते, आणि बदलायची वेळ आली की चारही डिस्कचा खर्च ऐकून माणूस खुर्चीत बसतो. चाक बदलताना चुकून रिम डिस्कवर आपटली तर कडेचा तुकडा उडू शकतो. पुष्कळ नियमित ट्रॅकवाले आपल्या सिरॅमिक डिस्क जपून ठेवतात आणि गाडीवर लोखंडी चढवतात. तुमच्या वापराला पॅकेजमधले मोठे लोखंडी ब्रेक, चांगले पॅड आणि ट्रॅक डेच्या आधी बदललेले ताजे फ्लुइड पुरून उरेल.

एक इंच मोठी चाके मात्र मला पटतच नाहीत. चाक मोठे म्हणजे बहुधा जड, टायरची भिंत पातळ, खड्ड्यात रिम वाकण्याची भीती जास्त, आणि टायरही महाग. दिसतात छान, एवढेच.

पुनर्विक्रीचे सांगायचे तर ऑप्शनवर घातलेले पैसे सहसा गाडीच्या मूळ किमतीपेक्षा वेगाने विरतात. त्यातल्या त्यात ट्रॅकवाल्या गिऱ्हाइकाला हवी असलेली पॅकेजे गाडी लवकर खपवतात, कारण तो गिऱ्हाईक नेमकी तीच शोधत असतो. कंपनीच्या ऑर्डरच्या मूळ नोंदीत पॅकेज असणे इथे मोलाचे, म्हणून तो कागद जपून ठेवा.

पॉवर किट, सिरॅमिक आणि चाके वगळल्यावर तुमच्याकडे बरेच पैसे उरतील. त्यातून पहिला खर्च शिकवणीवर करा. बीएमडब्ल्यूचे एम ड्रायव्हर्स पॅकेज लोक वेगमर्यादा २५० वरून वर नेण्यासाठी घेतात, आजच्या एम३ कॉम्पिटिशनवर ती २९० होते. पण त्याच पॅकेजमध्ये ट्रॅकवरचे ड्रायव्हिंग प्रशिक्षणही येते, आणि खरा फायदा त्यातच आहे. तुमच्या कंपनीकडे असे काही असेल तर जरूर घ्या, नसेल तर ट्रॅकवरच्या प्रशिक्षकाला शेजारी बसवा. दुसरा खर्च, ट्रॅकसाठी वेगळ्या चार रिम आणि त्यांवर चिकट टायर. मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ सारखे टायर कोरड्या ट्रॅकवर जी पकड देतात ती कुठल्याही पॉवर किटने मिळत नाही. पण थंडीत आणि साचलेल्या पाण्यावर ते रोजच्या वापराचे नाहीत, म्हणून रोजची गाडी कंपनीच्या टायरवरच राहू द्या.

सही करण्याआधी शोरूमकडून तीन गोष्टी ईमेलवर लेखी घ्या, तोंडी नकोत. पॉवर किटमध्ये नेमके कोणते भाग बदलतात, आणि ते नंतर डीलरकडे वॉरंटीसह बसवता येते का. ट्रॅक डेला, म्हणजे वेळ न मोजता आणि शर्यत न लावता चालवण्याला, वॉरंटी लागू राहते का. तुमच्या विमा कंपनीलाही हाच प्रश्न वेगळा विचारा, तिचे उत्तर बहुधा निराळे असेल. तिसरे, परफॉर्मन्स पॅकेजच्या मोठ्या कॅलिपरवर सगळ्यात लहान किती इंची रिम बसते. दुसऱ्या चार रिम विकत घेताना हा आकडा हाताशी नसेल तर त्या कॅलिपरला अडतील आणि परत कराव्या लागतील.